प्रति: ईसीजी नॉर्मल आला म्हणजे झालं?
वरती एकांनी लिहिलंय की दरवर्षी ईसीजी काढतो, नॉर्मल येतो, मग कशाला टेन्शन. अहो, ईसीजी म्हणजे हृदयाचा त्या क्षणाचा फोटो, पडून काढलेला नॉर्मल आला तरी आत हृदयाच्या रक्तवाहिनीत ब्लॉकेज असू शकतं. त्यापेक्षा आधी बीपी, शुगर, लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) बघा. बीपी सारखं १४०/९० च्या वर येत असेल तर डोकं दुखत नाही म्हणून सोडून द्यायचं नसतं, बहुतेकांना त्याचं काही जाणवतच नाही. आणि कंबर पण टेपनं मोजा, पँटच्या साईजवर जाऊ नका, आपल्याकडं पुरुषांची ९० सेंमी आणि बायकांची ८० च्या पुढं गेली की धोका वाढतो.

आमच्या साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढणारी मंडळी बघतो, झकास, पण त्यातलेच काही खाली आले की टपरीवर तंबाखू मळत उभे! त्याची भरपाई चालण्यानं होत नाही. आणि घरातल्या बायकांची मिश्री तर कोण मोजतच नाही, ती पण तंबाखूच की.

छाती जड झालीय, दरदरून घाम, डावा हात नाहीतर जबडा दुखतोय आणि घरचे म्हणतायत पित्त झालं असंल, सोडा पी, हार्ट अटॅकमध्ये इथंच वेळ जातो. शुगरवाल्यांना आणि बायकांना तर कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो. अशा वेळी स्वतः गाडी मारत जायचं नाही, ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावा. तिशीच्या पुढच्यांचं बीपी-शुगर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट बघतात, तेवढं तरी या आठवड्यात उरकून घ्या.