मदत हवी आहे: लॉकडाऊनमध्ये मधुमेही सासऱ्यांचं जेवण कसं बसवू? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापुरात, शिवाजी पेठेत राहतो. माझे सासरे सत्तरी ओलांडलेले, शुगर आणि बीपी दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारून यायचे, ती २५ मार्च २०२० ला कोरोनाचं लॉकडाऊन लागल्यापासून बंद आहे. उपाशीपोटीची साखर आधीपेक्षा वर दिसायला लागलीय. डॉक्टरांशी फोनवर बोलले. गोळ्या आहेत तशाच ठेवा, जेवणाकडे बघा, म्हणाले. म्हणून जेवणाचंच विचारतेय.

सगळ्यात मोठी अडचण चटणीची. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाची कांदा-लसणाची, आणि ती टिकावी म्हणून तिच्यात मीठही सढळ असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाचं मीठ माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात चटणी, लोणचं, पापड सगळं आलं. आमटीत चटणी कमी घातली की मामंजी पहिल्या घासालाच वाटी बाजूला सारतात. “ह्यात चटणी घातलीच न्हाई व्हय?” मग भाकरीबरोबर लोणच्याच्या दोन फोडी जास्त जातात, म्हणजे मीठ होतं तिथंच. त्यांच्यावर रागवावंसं वाटत नाही. माणूस घरात कोंडलेला, जेवण हाच दिवसातला एक आनंद.

दुसरं, मधल्या वेळचं खाणं. मुलं घरी, त्यांना भडंग हवं. डबा उघडला की मामंजींचा हातही पुढे येतो. आत्याबाई म्हणतात, साखर नको पण गूळ चालतो, आपल्याच मातीतला आहे. त्यामुळे दुपारी गूळ-शेंगदाणे, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आलेला गूळ घातलेला काढा.

भाजीचा टेम्पो गल्लीत रोज येत नाही. मेथी-पोकळा घेऊन ठेवला तर उन्हाळ्यात लगेच पिवळा पडतो. घरात मटकी, अख्खा मसूर, हुलगे, ज्वारी, नाचणी भरपूर आहे. एवढ्यावर चवीचं आणि त्यांना सोसेल असं कसं बसवायचं? कुणाच्या घरी असं माणूस असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, माझ्या आईला बरीच वर्षं शुगर आहे, आम्ही गडहिंग्लजचे, त्यामुळे चटणीचं दुखणं ओळखीचं आहे. वर्षाच्या चटणीला हात लावू नका. मामंजींसाठी छोट्या बरणीत बिनमिठाची वेगळी करा: मिरचीपूड, भाजलेले तीळ, थोडं सुकं खोबरं, धणे-जिरे आणि लसूण. मीठ नसल्यानं ती टिकत नाही, म्हणून आठवड्यापुरतीच कुटायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. आमटीचा रंग आणि झणका तोच राहतो, मीठ तुमच्या हातात येतं. शिवाय आता कैऱ्या आल्यात. आमटीत कैरीची फोड टाका, उसळीवर लिंबू पिळा. आंबट असलं की मीठ कमी असल्याचं जिभेला फारसं कळत नाही. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते बाधतं.

गुळाचं आत्याबाईंना प्रेमानं पण स्पष्ट सांगा. रक्तातली साखर गुळानंही साखरेसारखीच चढते. काढा प्यायचाच तर बिनगुळाचा, थोडाच. कुठल्याही काढ्यानं किंवा पदार्थानं कोरोना अडत नाही.

पालेभाजी धुऊन ठेवू नका. पिवळी पानं काढा, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, शिजवायच्या वेळी साध्या वाहत्या पाण्यात धुवा. लोक साबणानं भाज्या धुतायत, ते करू नका. आधी पालेभाजी संपवायची, मग गवार-वांगी, शेवटी दुधी, कोबी, लाल भोपळा. भाजी नसेल त्या दिवशी मोडाची मटकी: मोड आले की तिच्यात क जीवनसत्त्व वाढतं. कट हवाच असेल तर तो पातळ करा, तेल मोजून घाला. मधल्या वेळेला भडंगाऐवजी वाटीभर फुटाणे किंवा काकडी आणि बिनमिठाचं ताक.

आणि एक फार महत्त्वाचं. साखर वाढली म्हणून त्यांचं जेवण चुकवू नका. शुगरच्या गोळ्या घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच साखरपाणी द्या आणि डॉक्टरांना फोन करा. जेवल्यावर सोप्यात किंवा गच्चीवर पंधरा मिनिटं चालवा.

धागाकर्ती

खूप आभार. बिनमिठाची चटणी उद्याच कुटते. एक राहिलं: उन्हाळा आहे म्हणून रात्री नाचणीची आंबील दिली तर चालेल का?

प्रतिसाद

ताकातली, बिनगुळाची, वाटीभर चालेल. पण जेवणाऐवजी नको. पातळ शिजवलेलं पीठ लवकर पचतं आणि साखर झटकन चढते. त्यापेक्षा नाचणीची भाकरी आणि सोबत मसुराची आमटी द्या. दोन तासांनी मीटरवर बघा, त्यांच्या अंगाला काय मानवतं ते तिथंच कळेल.