फोर्टातली जुनी विहीर: जपायची की बुजवायची?

बोरीबंदरकर:
2025 मध्ये मुंबईच्या फोर्टात पेरीन नरिमन स्ट्रीटवर रस्त्याचं काँक्रीटीकरण चालू असताना खाली जुनी विहीर लागली. माझं मत सरळ आहे, अशी विहीर लागली की तेवढ्या भागातलं काम थांबवा, मापं घ्या, फोटो काढा आणि तिला जपा. 1860 ला विहार तलावाचं पाणी नळाने येईपर्यंत ही मुंबई विहिरी आणि तलावांवरच जगली, त्यातलं आज दाखवायला उरलंय काय? धोबीतलाव तर नुसता नावाला राहिलाय.

साइटवाला:
अजिबात पटत नाही. रस्त्याखाली पोकळी ठेवून वरून डंपर सोडायचे का? उद्या खचलं तर धरणार कोणाला, इंजिनिअरलाच ना. त्याच पट्ट्यात पाण्याची लाईन, गटार, केबली, सगळं बसवायचं असतं आणि पावसाळ्याआधी रस्ता झाला नाही की शिव्या पण आम्हालाच. नीट भरून घ्या आणि पुढे चला.

गावदेवीची_ताई:
आणि मलेरियाचं काय? मुंबईतल्या विहिरी कोणी हौसेने नाही बुजवल्या. मुंबईतल्या मलेरियावरच्या 1911 च्या बेंटली रिपोर्टात स्वच्छ म्हटलंय की मलेरियाचे डास विहिरींत वाढतात, माणसं मरत होती हो तेव्हा. उघडी विहीर नकोच.

बोरीबंदरकर:
ताई, उघडी ठेवा कोण म्हणतंय? चर्चगेटची भिखा बेहराम विहीर बघा, 1725 ची, समुद्र एवढा जवळ तरी पाणी गोड. पारशी लोकांनी श्रद्धेने सांभाळली म्हणून 300 वर्षं टिकली. फोर्टातल्या ह्या विहिरीला असं कोणी वाली नाही म्हणून ती गाडायची, हे मला नाही पटत.

दगडीचाळ_नको:
साइटवाले, तोंडावर आरसीसी स्लॅब टाकून मॅनहोल ठेवता येतं की. वजन बाजूच्या बीमवर घ्यायचं, जुन्या दगडांवर नाही. डास पण नाहीत आणि विहीर पण राहते.

साइटवाला:
येतं, मी नाही कुठे म्हणतोय. पण टेंडरमध्ये तो आयटमच नसतो! जादा खर्चाची मंजुरी यायला महिने जातात, तोवर खड्डा तसाच आणि दुकानदार अंगावर.

बोरीबंदरकर:
मग टेंडरमध्येच घाला ना आयटम. फोर्टात खोदताना जुनं काहीतरी लागणार हे काय आज कळलं का, 2017 ला हुतात्मा चौकात ट्रामचे रूळ निघालेच होते. ब्रिटिश काळात लॉटनने केलेल्या मुंबईच्या 1872 च्या सर्व्हेचे नकाशे आहेत, ते आधी बघा आणि मग जेसीबी लावा.