बायकोला डिप्रेशन, हंगाम तोंडावर आलाय. रात्रपाळीचं काय करू?

नमस्कार. बरेच दिवस नुसताच वाचत होतो, आज लिहितोय.

बायकोची (वय ३६) चार महिन्यांपासून डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू आहे. सकाळी एस्सिटॅलोप्राम ही डिप्रेशनची गोळी, आणि सुरुवातीला रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम अर्धी गोळी. थायरॉइड, बी-१२ नॉर्मल आलं. डॉक्टर चांगले आहेत, पण ओपीडीत पाच मिनिटं मिळतात.

ती घरी शिवणकाम करते. करायची म्हणू. लग्नसराईत रात्री अकरापर्यंत मशीन चालायचं. आता मशीनवर जुनी चादर टाकलीय आणि शेजारी पिशवीत लोकांचे सात ब्लाउजपीस, प्रत्येकाला मापाचा ब्लाउज टाचणीनं लावलेला. बायका विचारायला येतात, मी दारातूनच सांगतो, "मणक्याचा त्रास आहे, बसायला मनाई केलीय." मणक्याला कुणी नावं ठेवत नाही. दोघींनी तर चोळायला तेल आणून दिलं.

चुकलो मीही. "तुला काय कमी आहे?" हे पन्नास वेळा तरी बोललो असेन. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, मला वाटायचं आळस. केसांचा असा गुंता झाला की शेवटी मी कात्रीनं कापला, तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं.

मी साखर कारखान्यात बॉयलिंग हाऊसला आहे. हंगाम सुरू झाला की तीन पाळ्या, त्यात बारा ते आठची रात्र. मुलगा सातवीत. दोघांनाच घरात ठेवून जाऊ का? सासूबाई यायला तयार आहेत, पण त्यांचं एकच, "झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागेल, बंद करा." मागच्या वेळी चार दिवस राहिल्या, तर चारही दिवसांच्या गोळ्या पाकिटात तशाच. मग हिला चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखं.

अजून एक. लिहू की नको असं झालंय. मे महिन्यात, दवाखाना सुरू व्हायच्या आधी, ती म्हणाली होती, "मी नसते तर तुमची सुटका झाली असती." मी घाबरून टीव्ही लावला. तो विषय परत काढला नाही. काढला तर नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं होईल का?

प्रतिसाद १

दादा, शेवटचं आधी. विचारल्यानं भरवल्यासारखं होत नाही. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ ह्याच शब्दांत विचारा, "तसलं काही मनात येतं का" नको. हो म्हणाली तर कसं, कधी, काही ठरवलंय का तेही विचारा, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस म्हणजे मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी केला तरी चालतो. माझ्या भावाच्या वेळी मीच करायचो.

गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा. शेती असेल तर फवारणीची औषधं आजच घरातून हलवा, उद्यावर ढकलू नका.

प्रतिसाद २

सासूबाई अगदीच चूक नाहीत हो. क्लोनाझेपामची सवय लागू शकते, म्हणूनच डॉक्टर ती थोडे दिवस देऊन कमी करत आणतात. एस्सिटॅलोप्रामचं तसं नाही, ती झोपेची गोळीच नव्हे. पण एकदम तोडली की तुम्ही लिहिलंय तेच होतं. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, जावयाचं कोण ऐकतं!

आणि ते सात ब्लाउजपीस परत करून टाका. मी स्वतः ह्यातून गेलेय. सावकार दारात बसल्यासारखी दिसत असेल तिला ती पिशवी. मी तर न उचललेल्या फोनची यादी बघूनच परत पांघरुणात शिरायचे.

धागाकर्ता

दोघांचे आभार. काल विचारलं. मेथी निवडत बसलो होतो. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मे महिन्यात वाटायचं. आता नाही. पण परत वाटेल ह्याची भीती वाटते." रडली. मीही. मुलगा क्लासला होता ते बरं. आज सकाळी डॉक्टरांना फोन करून हे सांगितलं, त्यांनी उद्याच बोलावलंय. सासूबाईंनाही घेऊन जातोय.

ब्लाउजपीस परत द्यायचे म्हटल्यावर तिनं सहाच देऊ दिले. अबोली रंगाचा एक ठेवून घेतला. शिवणार का, ते मी विचारलं नाही.

कारखान्यातलं कुणी असेल तर सांगा: रात्रपाळी बदलून मागायला बायकोच्या आजाराचा दाखला चालतो का? आणि त्यावर आजाराचं नाव लिहावंच लागतं का? टाइम ऑफिसला कळलं की गावाला कळलं.