मदत हवी आहे: मांजरांना घरचं कच्चं मांस, काळीज-कलेजीचा घोळ आणि लंगडणारं पिल्लू

नमस्कार मंडळी,

कोथरूडला राहते. घरी दोन मांजरं आहेत. ढमाल्या हा चार वर्षांचा बोका, वजन सव्वाचार किलो. ठमी पाच महिन्यांची. गेले सहा आठवडे दोघांना घरी तयार केलेलं कच्चं मांस देतेय. परवापासून झोप उडालीय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

सुरुवात ढमाल्यामुळे झाली. नुसतं कोरडं खाणं खायचा, पाणी जेमतेम प्यायचा. एप्रिलमध्ये त्याची लघवी अडली, नळी घालावी लागली, तीन दिवस दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले, पोटात पाणी जास्त जायला हवं, ओलं खाणं द्या. रोज दोघांची पाकिटं परवडेनात, म्हणून मी मांसाकडे वळले. आमचं घर पूर्ण शाकाहारी, मी जन्मात मांसाला हात लावलेला नाही. आई नको म्हणेल असं वाटलं होतं. तिने एक सुरी, एक पातेलं आणि फ्रीजरचा अर्धा कप्पा वेगळा काढून दिला. म्हणाली, "मुकं जनावर आहे ते, त्याला आपलं सोवळं-ओवळं कशाला?"

माझी कृती अशी: कोंबडीच्या मांडीचा बिनहाडाचा खिमा ८०० ग्रॅम, काळीज १०० ग्रॅम, कलेजी ५० ग्रॅम, एका अंड्याचा पिवळा बलक, चिमूटभर अंड्याच्या टरफलाची पूड आणि वाटीभर पाणी. डब्या भरून फ्रीजरमध्ये. ढमाल्याला दिवसाला १३० ते १४० ग्रॅम, ठमीला मागेल तितकं.

काळीज, म्हणजे माझ्या समजुतीने हृदय, घातलं ते टॉरिन या पोषक घटकासाठी. मांजराला टॉरिन स्वतःच्या शरीरात पुरेसं तयार करता येत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ साली समजलं. हृदयाचे स्नायू सैल पडतात, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. हृदय हा सतत चालणारा स्नायू, त्यात टॉरिन भरपूर, एवढं मी वाचून पक्कं केलं होतं.

आता घोळ ऐका. मी दर रविवारी चिकनच्या दुकानात "शंभर ग्रॅम काळीज, पन्नास ग्रॅम कलेजी" सांगायचे आणि दुकानदार मामा सगळं एकत्र मशीनमधून काढून द्यायचे. परवा मशीन बंद होतं, म्हणून सगळं अख्खंच पिशवीत मिळालं. घरी दोन्ही पुड्या उघडल्या तर दोन्हींत एकच वस्तू. गडद तपकिरी, बुळबुळीत, बोटाने जरा दाबलं की फुटणारी. स्नायूसारखं काहीच नाही. मामांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "ताई, काळीज म्हणजे कलेजीच ना. तुम्हाला दिल हवं होतं तर दिल म्हणायचं." त्यांची काहीच चूक नाही. म्हणजे सहा आठवडे माझी मांजरं पाच टक्क्यांऐवजी पंधरा टक्क्यांहून जास्त कलेजी खातायत आणि हृदयाचा एक तुकडाही त्यांच्या पोटात गेलेला नाही.

दुसरी काळजी ठमीची. ती ओट्यावरून फ्रीजवर सहज जायची. गेले चार दिवस ओट्याखाली येऊन थांबते, पुढचे दोन पाय भिंतीला लावते आणि माझ्याकडे बघते. उडी मारत नाही. काल मागचा उजवा पाय उचलून चालत होती. कडेवर घेतलं तर ओरडली.

शिवाय पुढच्या महिन्यात बहीण बाळंतपणाला येतेय. ओट्यावर कच्चं मांस असताना ती घरात असणं बरोबर आहे का?

जास्तीच्या कलेजीचं काय करू? टरफलाची पूड नक्की किती घालायची? कच्चंच द्यायला हवं का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.

पर्वती_पायथा:

ताई, बाकी सगळं नंतर. ठमीला उद्या सकाळी डॉक्टरांकडे न्या आणि एक्स-रे काढायला सांगा. तोवर तिला उड्या मारू देऊ नका, एका लहान खोलीत ठेवा.

तुमच्या कृतीत खरा खड्डा कॅल्शियमचा आहे. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. मोठं मांजर काही काळ तग धरतं, वाढत्या पिल्लाची हाडं मात्र काही आठवड्यांत पातळ होतात आणि साध्या उडीनेही मोडू शकतात. जंगलात मांजर उंदीर हाडांसकट खातं, म्हणून तिथे हे होत नाही.

हिशोब असा: एक किलो बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस पावणेदोन-दोन ग्रॅमच्या घरात. कॅल्शियम त्याच्याइतकं किंवा थोडं जास्त हवं. टरफलाच्या पुडीत साधारण ३८ टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे किलोमागे साडेपाच ग्रॅमच्या आसपास पूड लागते. एका मोठ्या अंड्याचं जवळजवळ सगळं टरफल. चिमटीने हे जमणार नाही, ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा घ्या. टरफलं धुवून, तव्यावर कोरडी भाजून, मिक्सरमधून पिठासारखी बारीक करा, कच ठेवू नका.

लकडीपूल:

कलेजीबद्दल थोडं. त्यातलं अ जीवनसत्त्व शरीरात साठतं. महिनोन्‌महिने कलेजीवरच ठेवलेल्या मांजरांच्या मानेचे मणके एकमेकांना चिकटतात, मान वळेनाशी होते, अंग चाटणं बंद होतं. सहा आठवड्यांत लगेच तसं होईल असं नाही, पण काही दिवस कलेजी पूर्ण थांबवा आणि डॉक्टरांना हा आकडा सांगा. कायमची बंदही करू नका. गाजरातून अ जीवनसत्त्व बनवणं मांजराला जमत नाही, त्याला ते तयारच लागतं. पाच टक्के पुरे.

टॉरिनच्या बाबतीत तुमच्याकडून एक गोष्ट बरी झाली, तुम्ही मांडी घेतलीत. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा मांडीच्या काळपट मांसात टॉरिन कितीतरी जास्त. तरी वरून शुद्ध टॉरिन घालाच, व्यायामाची पावडर विकणाऱ्या दुकानात मिळतं. रोज मांजरामागे २५० ते ५०० मिलीग्रॅम. जास्त झालेलं लघवीवाटे जातं.

आता कच्चं की शिजवलेलं. मी स्वतः दोन वर्षं कच्चं दिलं आणि बंद केलं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. पुढच्याच महिन्यात छिंदवाड्यात घरच्या मांजरांना तोच आजार निघाला. फ्रीजर हा विषाणू मारत नाही, साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जिवाणूही मारत नाही. आतपर्यंत ७० अंशांच्या वर तापवलं की दोन्ही मरतात. आणि घरात गर्भवती येणार असेल तर माझ्या मते प्रश्नच उरत नाही. टॉक्सोप्लाझ्मा हा पोटातल्या बाळाला धोकादायक परजीवी मांजराला कच्च्या मांसातून होऊ शकतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. बाहेर पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून मातीचा ट्रे रोज साफ करायचा आणि तो बहिणीने नाही, तुम्ही करायचा.

शिजवताना पाण्यात उकळून पाणी ओतून देऊ नका, टॉरिन त्या पाण्यात उतरतं. झाकणाच्या डब्यात घालून कुकरमध्ये अंगच्या पाण्यावर शिजवा आणि सुटलेला रस त्यातच कालवा. ढमाल्याच्या पोटात पाणीही जाईल. टॉरिन आणि पूड गार झाल्यावर मिसळा. कांदा-लसणाचा चुकूनही स्पर्श नको.

मंडईतली_मनी:

माझं मत थोडं वेगळं. माझी तीन मोठी मांजरं सहा वर्षं कच्चं खातायत, ठणठणीत आहेत. पण मी प्रत्येक घटक मोजून घालते आणि घरात लहान मूल किंवा गर्भवती कुणी नाही. तुमच्या घरात मीसुद्धा शिजवूनच दिलं असतं. पिल्लाला तर वाढ पूर्ण होईपर्यंत माझ्या हातचं मी देत नाही, तिथे चुकीला जागाच नसते. आणि एक राहिलं, थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. काही कच्च्या माशांमुळे ते नष्ट होतं, मान खाली पडते, झटके येतात. स्वस्त मिळते म्हणून रोज मासळी सुरू करू नका.

मूळ प्रश्नकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळीच ठमीला नेलं. एक्स-रेमध्ये हाडं फिकट दिसतायत, जवळजवळ आजूबाजूच्या मांसाइतकीच. मोडलेलं काही नाही. डॉक्टर म्हणाले, अजून दोन आठवडे गेले असते तर मांडीचं हाड गेलं असतं. मला तिथेच रडू आलं. आता तिला पिल्लांचं तयार संपूर्ण खाणं सुरू केलंय, वरून कॅल्शियमचं औषध नाही, आणि चार आठवडे पिंजऱ्यात विश्रांती. दादाने लोखंडी पिंजरा आणलाय. ती गजांतून पंजा बाहेर काढून ढमाल्याची शेपटी पकडते, म्हणजे जीव अजून खेळात आहे.

ढमाल्याच्या रक्ताचा रिपोर्ट उद्या येईल. हृदयाची सोनोग्राफीही करून घ्यायची आहे. त्याचं आजपासून कुकरमध्ये. रसासकट चाटून पुसून खाल्लं, कच्च्यापेक्षा आवडीने. दुकानातून आज दिल आणलं, मामांनी एकेक दाखवून दिलं: करंगळीच्या पेराएवढं, टणक, वर चरबीची पांढरी टोपी. आता कायम अख्खंच आणणार, खिमा घरी करणार.

एक विचारायचं राहिलं. थायमिन आणि ई जीवनसत्त्वाचं किलोमागे प्रमाण कुणी डॉक्टरांकडून लिहून घेतलं असेल तर सांगाल का? माझे डॉक्टर म्हणाले, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून सांगतो, पण तोवर मी पहिली मोठी खेप करून ठेवत नाही, दोन-दोन दिवसांचंच शिजवतेय. ठमीचा पुढचा एक्स-रे महिन्याने आहे, तो मिळाला की इथेच टाकते.