मदत हवी आहे: केल्टिक क्रॉसची दहा कार्डं सुटी सुटी कळतात, एकत्र वाचता येत नाहीत

नमस्कार मंडळी,

गेलं वर्षभर टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून प्रश्नाचा अंदाज घेणं, शिकतेय. सोलापुरात शिकवणारं कुणी ओळखीचं नाही, त्यामुळे पुस्तकं आणि व्हिडिओ एवढाच आधार. ७८ कार्डांचे अर्थ बऱ्यापैकी तोंडपाठ झालेत, तीन कार्डांचा स्प्रेडही (मांडणी) जमतो. पण केल्टिक क्रॉस, म्हणजे दहा कार्डांची मांडणी, मांडला की अडकते. एकेका कार्डाचा अर्थ सांगत दहाव्यापर्यंत पोचते आणि समोरचं माणूस विचारतं, "बरं, मग नेमकं काय?" तिथं माझ्याकडे उत्तर नसतं.

परवाचंच सांगते. वहिनी घरी कडक भाकरी करून दुकानांना देते. पुण्याहून मोठी ऑर्डर मिळायची शक्यता आहे, तर हाताखाली दोन बायका ठेवून जागा भाड्याने घ्यावी का, हा तिचा प्रश्न. दुपारी पंखा बंद करून बसलो (पंख्याखाली कार्डं जागेवर राहत नाहीत, आणि सध्या पारा चाळिशीच्या वर आहे). जमिनीवर चादर अंथरली, वहिनीने पत्ते पिसले.

मधे आठ पेंटॅकल्स (नाणी), त्यावर आडवं दोन स्वोर्ड्स (तलवारी). वर स्टार (तारा), खाली पाच पेंटॅकल्स. मागे सहा कप्स (प्याले), पुढे एस ऑफ वाँड्स (काठ्यांचा एक्का). बाजूच्या उभ्या ओळीत खालून वर पेज ऑफ पेंटॅकल्स (नाणं धरलेला तरुण), दहा वाँड्स, टॉवर (मनोरा) आणि शेवटी मून (चंद्र). सगळी सुलटी.

टॉवर उघडल्याबरोबर वहिनी म्हणाली, "अगं बाई, माणसं खाली पडायलेत की!" त्यानंतर तिचं लक्षच लागेना. मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली, आणि तेच मला खूप लागलंय. ती माझ्यावर विश्वास ठेवून घामाच्या धारांत तासभर बसली होती.

माझ्या अडचणी अशा. एका पुस्तकात भूतकाळ डावीकडे आहे, दुसऱ्यात उजवीकडे. खरं कोणतं? नववी जागा 'आशा किंवा भीती' म्हणतात, मग टॉवर ही वहिनीची आशा कशी असेल? सहावं कार्ड एवढं चांगलं आणि दहावं धूसर, यात कुणाचं ऐकायचं? आणि सगळ्यात मोठं म्हणजे हे दहा तुकडे जोडायचे कसे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद

ताई, तुमचे अर्थ पक्के आहेत, क्रम तुम्हाला अडवतोय. एक ते दहा असं ओळीने वाचू नका, जोड्या लावा.

आधी डावी-उजवीचं. ही मांडणी या गड्डीचे कर्ते आर्थर वेट यांनी १९१० मध्ये पुस्तकात छापली, तेव्हा मधोमध प्रश्नकर्त्याचं एक कार्ड आधी ठेवायचं असे, सिग्निफिकेटर. त्यातल्या माणसाचं तोंड जिकडे, ती पुढची बाजू. पाठ जिकडे, ती मागची. तोंड कुठेच वळलेलं नसेल तर बाजू आधी ठरवून घ्यायची. पुढे बऱ्याच जणांनी सिग्निफिकेटर ठेवणं सोडलं आणि ज्याने त्याने आपली बाजू पकडली. म्हणून पुस्तकं जुळत नाहीत. तुम्ही एक बाजू ठरवा आणि ती कायम ठेवा.

आता वहिनींची कार्डं. चित्रांकडे बघा. चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी वेट यांच्या या गड्डीतल्या साध्या आकडी कार्डांवरही प्रसंग रंगवलेत, ते पाठ केलेल्या अर्थापेक्षा जास्त बोलतात. पहिलं आणि दुसरं: कारागीर मान खाली घालून काम करतोय, आणि त्यावर आडवी आलीय डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई. हाताला काम येतं, निर्णय मात्र बघायचाच टाळलाय. सगळी गाठ इथं आहे. खाली आणि वर: मुळाशी बर्फातून चालणारी दोन गरीब माणसं, डोक्यावर तारा. म्हणजे हातातोंडाची गाठ पडेल ना, ही जुनी धास्ती, आणि वर मोठी उमेद. दहापैकी तीन पेंटॅकल्स आहेत, कप्स एकच. हा प्रश्न पोटापाण्याचा आहे, हे कार्डंही सांगतायत.

सात आणि आठ मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. सातवी जागा स्वतःची, आठवी घराची. मधल्या कार्डात कसबी कारागीर असलेली बाई सातव्या जागी स्वतःला अजून शिकाऊ समजते. आणि घर? दहा काठ्या कवेत घेऊन वाकून चाललेला माणूस. आता या दोन्हींच्या शेजारी टॉवर ठेवून बघा. सगळं कोसळेल ही भीती आहेच. पण एवढं ओझं एकटीने वाहणाऱ्या बाईला ही घडी एकदाची मोडावी असंही वाटत असेल. नवव्या जागी आशा आणि भीती बऱ्याचदा एकाच कार्डात असतात. ते तुम्ही ठरवू नका, वहिनींनाच हळूच विचारा.

सहा आणि दहात भांडण नाही. सहावं लवकरच येणारं: ऑर्डर येईल, सुरुवात होईल. दहावं म्हणजे सगळं असंच चालू राहिलं तर गाडी कुठे जाईल. मून वाईट नाही. वाट आहे, पण रात्रीची, पुढचं दिसत नाही. भाडं, मजुरी, ज्वारीचा भाव यांचा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय हो म्हणू नका, असं मी सांगितलं असतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. संध्याकाळी वहिनीला सात-आठ-नऊ शेजारी शेजारी ठेवून दाखवली. बराच वेळ ती त्या वाकलेल्या माणसाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पहाटे चारला उठून मी एकटीच किती दिवस थापायचं?" टॉवरला ती घाबरली नाही या वेळी. दोन बायकांच्या मजुरीचा हिशोब आजच मांडायला घेतलाय.

एकच विचारते. मूनने शेवट उघडाच राहिला असं तिला वाटतंय. परत मांडलं तर चालतं का?

प्रतिसाद

चालतं. दहावं कार्ड संदिग्ध आलं तर तेच सिग्निफिकेटर म्हणून मधे ठेवून पुन्हा मांडावं, असं वेट यांनीच लिहिलंय. मून बाजूला काढा, बाकीची ७७ परत एकत्र करून पिसा, गड्डी तीनदा काटा आणि वरची दहा घ्या. मागची बाजू कोणती ते पिसण्याआधी ठरवा. आणि आधी तो हिशोब पुरा होऊ द्या, मग प्रश्नही नेमका विचारता येईल.