संविधानाच्या मूळ प्रतीतली चित्रं प्रत्येक छापील प्रतीत असावीत का?

फळा-खडू (धागाकर्ता)

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यसभेत हा विषय निघाला होता. बाजारात मिळणाऱ्या संविधानाच्या प्रतींमध्ये मूळची २२ चित्रं नसतात, अशी तक्रार एका सदस्याने केली. चित्रांसह असलेलीच प्रत अधिकृत धरावी असं सभापती म्हणाले, विरोधकांनी सभात्याग केला आणि विषय तिथेच राहिला. मला त्यातलं राजकारण नको आहे. चित्रं लोकांपर्यंत जावीत की नाही, एवढंच विचारायचंय. माझं मत सांगतो: जावीत. निदान शाळेत जाणाऱ्या प्रत्येक प्रतीत तरी असावीत.

ज्यांनी मूळ प्रत पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली. अक्षर तिरकं, वळणदार, एका लयीतलं. सहा महिने लागले. मोबदला घेणार नाही म्हणाले. प्रत्येक पानावर स्वतःचं नाव आणि शेवटच्या पानावर आजोबांचं नाव, एवढंच मागितलं. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली. चित्रं नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनातल्या त्यांच्या विद्यार्थ्यांची. पुढे डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात मूळ प्रतीबरहुकूम हजार प्रती निघाल्या. त्यातली एक मला एका जुन्या ग्रंथालयात हाताळायला मिळाली.

मी एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय. मुलं पाठ करतात, लिहितात, विसरतात. त्या प्रतीतल्या भाग १५ च्या पानाचा मोठा प्रिंट काढून मी आठवीच्या वर्गात लावला. त्या पानावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग यांची चित्रं आहेत, आणि खाली निवडणुकांचे अनुच्छेद सुरू होतात. मधल्या सुट्टीत एक मुलगी त्या तिरक्या अक्षरांवरून बोट फिरवत अडखळत वाचत होती, "सु-प-रिन्-टेन्-डन्स." मग मागे वळून म्हणाली, "सर, महाराजांच्या खाली हे काय लिहिलंय?" अनुच्छेद ३२४, निवडणूक आयोग. एकतीस वर्षांत तो अनुच्छेद मला कुणी आपणहून विचारला नव्हता.

काळा कोट

सर, तुमच्या वर्गातला प्रसंग मनाला भिडला, पण मी ठाम विरोधात आहे. मी तालुका कोर्टात वकिली करतो. माझ्या टेबलावर संविधान रोज उघडतं आणि त्यातलं एक अक्षरही जुनं असून चालत नाही.

संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारला तो मजकूर. चित्रांच्या हस्तलिखित प्रतीवर सभासदांनी सह्या केल्या त्या २४ जानेवारी १९५० ला. कायदा म्हणजे तो मजकूर आणि त्यात आजवर झालेल्या दुरुस्त्या. हस्तलिखित प्रत हा राष्ट्राचा ठेवा आहे, तो जपलाच पाहिजे. पण त्या प्रतीत मालमत्तेचा हक्क अजून मूलभूत हक्कांमध्ये बसलेला आहे. ४४व्या दुरुस्तीने तो १९७८ मध्ये तिथून निघाला. उद्देशिकेत 'समाजवादी, धर्मनिरपेक्ष' नाही, कारण ते शब्द १९७६ चे.

हे पुस्तकी भांडण नाही. २०१५ च्या प्रजासत्ताक दिनाच्या सरकारी जाहिरातीत मूळ उद्देशिकेच्या पानाचं चित्र वापरलं गेलं, आणि हे दोन शब्द मुद्दाम गाळले का यावर देशभर वाद पेटला. सुंदर जुनं पान उचललं की त्यासोबत जुना कायदाही उचलला जातो.

आता 'प्रत्येक प्रतीत चित्रं' हा आग्रह खरंच अमलात आणून बघा. सातव्या भागावर सम्राट अशोकाच्या धर्मप्रसाराचं चित्र आहे. तो भागच १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने रद्द झाला. मग अशोकाला कुठे बसवायचं? मूळ नववा भाग 'ड' वर्गातल्या प्रदेशांबद्दल (अंदमान-निकोबार) होता, त्यावर विक्रमादित्याच्या दरबाराचं चित्र. तोही १९५६ ला गेला आणि ७३व्या दुरुस्तीने त्याच क्रमांकावर पंचायती आल्या. म्हणजे ग्रामसभेच्या माथ्यावर राजाचा दरबार छापायचा? ४क, ९क, ९ख, १४क हे भाग नंतर आले, त्यांना चित्रच नाही. ते कमी दर्जाचे समजायचे का?

रंगरेषा

काळा कोट, पंचायतींचा मुद्दा बिनतोड आहे. मला सुचला नव्हता.

मी चित्रकला शिकवते. चित्रांबद्दल एक मोठा गैरसमज सगळीकडे दिसतो, तो आधी दूर करायचाय. मूलभूत हक्कांच्या पानावर राम, सीता, लक्ष्मण आहेत. त्यावरून एक बाजू म्हणते, बघा, हक्कांचा पाया रामराज्य. दुसरी म्हणते, बघा, धर्म घुसवला. दोघंही एकच पान बघतात. सगळी पानं ओळीने लावून बघा: भाग १ वर मोहेंजोदडोची बैलाची मुद्रा, भाग २ वर वैदिक गुरुकुल, ३ वर रामायण, ४ वर अर्जुनाला गीता सांगणारे कृष्ण, ५ वर बुद्ध, ६ वर महावीर, पुढे अशोक, नालंदा, नटराज, महाबलीपुरम, १४ वर अकबर, १५ वर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग, १६ वर टिपू सुलतान आणि राणी लक्ष्मीबाई, १७ वर दांडीयात्रा, १८ वर नोआखालीतले गांधी, १९ वर नेताजी. मग हिमालय, वाळवंट, समुद्र.

हा ढोबळमानाने काळाचा क्रम आहे. देशाची गोष्ट पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाहत जाते आणि शेवटी भूगोलात विसावते. खालच्या मजकुराशी चित्राची जोडी लावलेली नाही. भाग १७ राजभाषेचा आहे. मिठाचा आणि राजभाषेचा काय संबंध?

तरी एका पानाशी मी दर वेळी थांबते. भाग १८ म्हणजे आणीबाणीच्या तरतुदी. त्याच्या माथ्यावर दंगलीने होरपळलेल्या नोआखालीत शांतता मागत फिरणारे गांधी. जोडी योगायोगाने लागली असेल, पण त्या पानाची शक्ती मला दुसऱ्या कुठल्याच पानात दिसत नाही.

आणि हे आपल्या मातीतलंही आहे बरं का. नंदलालबाबू तरुणपणी लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीबरोबर अजिंठ्याला आले होते, लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला. ती रेषा त्यांच्या हातात कायमची राहिली. प्रतीच्या कडांच्या वेलबुट्टीत मला ती ओळखू येते. उद्देशिकेचं पान त्यांचे शिष्य ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी सजवलं, कोपऱ्यात बारीक 'राम' अशी सही आहे. सिंहमुद्रा रेखाटणारे दीनानाथ भार्गव कोलकात्याच्या प्राणीसंग्रहालयात जाऊन सिंह न्याहाळत बसायचे. एवढ्या मेहनतीचं काम काचेआड बंद राहावं, हे मला पटत नाही.

निळी पहाट

मी नागपूरची. सगळ्यांचं आदराने वाचलं. आता माझं ऐका.

आमच्या वस्तीत संविधानाचं चित्र कुणाला विचारलंत तर नंदलाल बोस कुणी सांगणार नाही. निळा सूट, चष्मा, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हाताचं बोट पुढे. ते आमच्या आजीच्या घरात देवळीत होतं. आजीला वाचता येत नव्हतं. त्या पुस्तकात काय आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं: "आपल्याला कोणी हुसकू शकत नाही, ते त्यात लिवलंय." हे चित्र कुठल्या समितीने ठरवलं नाही, कुणी वर्गात लावायला सांगितलं नाही. मूर्तिकारांनी, कॅलेंडरवाल्यांनी आणि पैसा पैसा जमवून चौकात पुतळे उभारणाऱ्या लोकांनी ते घडवलं.

आता मूळ प्रतीतली चित्रं बघा. रंगरेषाताई म्हणतात ती देशाची गोष्ट आहे. कुणाची गोष्ट? कबीर नाही. चोखोबा नाही. जोतिबा, सावित्रीबाई नाहीत. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ ज्या भागात आहे त्यावर रामायण, आमच्या राखीव जागांच्या भाग १६ वर टिपू आणि लक्ष्मीबाई. जोडी लावलेली नाही म्हणता, ठीक, मान्य. मग काळाच्या क्रमाने तरी बघा. १९३० ची दांडी आहे. २० मार्च १९२७ चं महाड नाही. समुद्राचं मीठ आलं, तळ्याचं पाणी राहिलं. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी ज्या तळ्याची ओंजळ उचलली, ते तळं त्यांच्याच संविधानाच्या प्रतीत नाही.

चित्रं जाळा असं मी म्हणत नाही. ती १९४९ सालच्या काही थोर कलावंतांची नजर आहे, तशी दाखवा. पण 'ही चित्रं असतील तेच खरं संविधान' असं कुणी म्हटलं की माझ्या आजीच्या देवळीतलं संविधान खोटं ठरतं. ते मी होऊ देणार नाही.

सह्याद्रीकर

चित्रं छापा, महाड पण छापा. कागद काय महाग आहे का?

पोटोमॅककाठी

मी बरीच वर्षं वॉशिंग्टनजवळ राहतो. इथला अनुभव सांगतो, निळी पहाट यांच्या मुद्द्याला जोडून.

इथे नॅशनल आर्काइव्हजच्या गोल दालनात मूळ अमेरिकन संविधान काचेखाली आहे. चार मोठी चर्मपत्रं, त्यावर एकही चित्र नाही. चित्रं भिंतींवर आहेत: बॅरी फॉकनर यांची १९३६ ची दोन भव्य चित्रं. एकात त्या संविधानाचे एक शिल्पकार मॅडिसन मसुदा वॉशिंग्टन यांच्याकडे सोपवताना दिसतात. असा प्रसंग प्रत्यक्षात घडलेला नाही, सगळी कल्पनेतली मांडणी. कॅपिटॉलमध्ये, म्हणजे इथल्या संसदभवनात, हॉवर्ड चँडलर क्रिस्टी यांचं १९४० चं सही-समारंभाचं वीस बाय तीस फुटांचं चित्र आहे. सही करणाऱ्यांपैकी जेकब ब्रूम यांचं खात्रीचं चित्र सापडेना, म्हणून त्यांचा चेहरा दुसऱ्याच्या आड ठेवला. ज्यांची गणती त्या संविधानाने प्रतिनिधित्वासाठी तीन-पंचमांश माणूस अशी केली, ते गुलाम आड लपवलेलेसुद्धा नाहीत. ते चौकटीतच नाहीत.

म्हणून मला इथली एक गोष्ट बरी वाटते: चित्र भिंतीवर, कायदा काचेखाली. दोन्ही एकाच दालनात, पण एका पानावर नाहीत. भिंतीवरच्या चित्राशी भांडता येतं, कायद्याला हात न लावता.

काळा कोट

पोटोमॅककाठी, हेच मला म्हणायचं होतं.

निळी पहाट, एक शंका आहे, राग मानू नका. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनीच सांगितलं होतं की राजकारणातली विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात त्यांनी श्रेय संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव आणि मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांनाही मोकळेपणाने दिलं. एकाच व्यक्तीच्या हातात पुस्तक असलेलं चित्र म्हणजेच संविधान, हेही थोडं घातक नाही का?

निळी पहाट

राग नाही. हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो, म्हणून नीट उत्तर देते.

त्याच संविधान सभेत टी. टी. कृष्णम्माचारींनी ५ नोव्हेंबर १९४८ ला काय सांगितलं तेही वाचा. मसुदा समितीतले एक जण राजीनामा देऊन गेले, एक वारले, एक अमेरिकेत, एक राज्यकारभारात गुंतलेले, एक-दोघं दिल्लीपासून दूर. शेवटी सगळा भार आंबेडकरांवर पडला. हे त्यांच्या भक्ताचं बोलणं नाही, समितीतल्याच सहकाऱ्याचं आहे.

आणि विभूतिपूजेबद्दल: त्या पुतळ्याचे हात बघा. एक हात पुस्तक छातीशी धरतो, दुसरा बाहेर बोट दाखवतो. आजी त्या चित्रापुढे दिवा लावायची हे खरं. पण माझ्या बापाला दहावीच्या पुढे शिकवताना तिने त्याच पुस्तकाकडे बोट केलं होतं. जिला अक्षर येत नाही तिने कायदा कसा धरून ठेवायचा? असाच धरला.

काळा कोट

हे मला माझ्या टेबलावरून दिसलं नव्हतं. पुतळ्याबद्दलची शंका मागे घेतो. 'अधिकृत' या शब्दाला विरोध मात्र कायम.

फळा-खडू (धागाकर्ता)

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण महाडचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. त्या प्रतीची पानं मी स्वतः उलटली. सह्यांच्या पानावर राजेंद्रप्रसादांची सही नेहरूंच्या सहीच्या वर, अपुऱ्या जागेत तिरकी बसवलेली आहे, हे माझ्या लक्षात राहिलं. बाबासाहेबांची सही शोधून काढली. पण या २२ चित्रांत कोण नाही, हा प्रश्न मला पडला नाही. शिक्षक म्हणून तो पडायला हवा होता.

प्रत्येक छापील प्रतीत चित्रं हवीत, ही माझी मागणी मी मागे घेतो. वकिलांनी दाखवलेली सातव्या आणि नवव्या भागाची अडचण खरी आहे. शाळेत चित्रं दाखवावीत, हे मत मात्र तसंच आहे. त्या मुलीचं बोट मी विसरू शकत नाही.

येत्या २६ नोव्हेंबरला माझ्या जुन्या शाळेत सगळी पानं ओळीने लावायची परवानगी मिळाली आहे, आजच्या मजकुराच्या प्रती शेजारी ठेवून. ज्या भागांना चित्र नाही, ४क, ९क, ९ख, १४क, त्यांचे कोरे कागद मुलांना देणार आहे. पंचायतींच्या भागाचाही कोरा कागद देणार, दरबाराच्या जागी. आणि कुठलाच क्रमांक नसलेला एक कागद महाडसाठी.

रंगरेषाताई, मूळ पान साधारण १६ बाय २२ इंचांचं आहे. त्या मापाचा, जलरंग फुटणार नाही असा कागद कुठला घ्यावा? चाळीस लागतील.

रंगरेषा

जाड हातकागद घ्या, पुण्यात मिळेल. चाळीस नको, साठ घ्या. पहिला कागद मुलं नेहमी खराब करतात. कडा रंगवायला शिकवायला मी स्वतः येते.

निळी पहाट

माझी लेक सातवीत आहे. तिला शेजारी बसवून हा धागा वाचून दाखवला. ९क म्हणजे नगरपालिका म्हटल्यावर म्हणाली, "मग मी नळावरची रांग काढते." महाडचा कागद तुमच्या शाळेतल्या मुलांनाच काढू द्या. काढून झाला की फोटो इथे टाका, सर. बघायचाय.