दप्तर तपासणी आणि लघवीची पट्टी: शाळेने हे करावं का?

मुख्याध्यापक (धागाकर्ते)
आठवी ते दहावीला महिन्यातून एकदा अचानक दप्तर तपासणी व्हावी आणि नशेचा संशय येईल त्या मुलाची लघवीच्या पट्टीवर चाचणी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पालकांची लेखी संमती जूनमध्येच घ्यायची. पुरावा हातात नसला की पालक 'आमचं लेकरू तसलं नाही' म्हणून उठून जातात, आणि तोवर गोष्ट खर्ऱ्यावरून (घोटलेली तंबाखू-सुपारी) गांजावर गेलेली असते. विरोध असेल त्यांनी दुसरा उपायही सांगावा.

लॅब तंत्रज्ञ
सर, तळमळ पटते, पट्टी पटत नाही. दुकानात मिळणारी पट्टी गांजा, अफूजन्य औषधं, झोपेच्या गोळ्या अशी ठरावीक द्रव्यंच पकडते. तंबाखूला कोटिनिनची (निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या द्रव्याची) वेगळी पट्टी लागते. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन यांतलं टोल्युइन हे द्रावक तर तिच्यावर उमटतच नाही. २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याच्या पदार्थांचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के निघालं. मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत असा हा एकच प्रकार, आणि नेमका तोच तुमच्या चाचणीतून सुटणार.

दुसरं, वाचताना चूक होते. गरोदरपणाच्या पट्टीवर दोन रेघा म्हणजे 'आहे'. इथे उलट: दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह, एकटी 'सी' रेघ (पट्टी चालते हे दाखवणारी) आली तर पॉझिटिव्ह. 'टी'ची (चाचणीची) रेघ फिकट दिसली तरी ती आहेच, म्हणून निगेटिव्हच. शिक्षकांच्या खोलीत ही गल्लत झाली की एका पोराचं नाव गावभर होतं. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधानेही पट्टी पॉझिटिव्ह येते. रोज गांजा ओढणाऱ्याने सोडल्यावरही काही आठवडे तो लघवीत सापडतो, त्यामुळे 'आज शाळेत ओढला' हे तिच्यावरून सिद्ध होत नाही. खात्री प्रयोगशाळेत यंत्रावर द्रव्यं वेगळी करून ओळखणाऱ्या जीसी-एमएस तपासणीनेच होते.

मुख्याध्यापक
पट्टी बाजूला ठेवतो. दप्तर तपासणीचं काय? आणून वाटणारा एक मुलगा अख्ख्या वर्गाला पुरतो.

समुपदेशक
पहिल्या तपासणीनंतर माल दप्तरात राहत नाही. तो मोज्यात, कंपासपेटीच्या तळाशी, नाहीतर शाळेमागच्या भिंतीच्या फटीत जातो. हुंगणाऱ्याच्या बाबतीत दप्तरापेक्षा बाही आणि रुमाल बघा: रंगाच्या दुकानासारखा वास, बोटांवर वाळलेले पांढरे डाग, नाकातोंडाभोवती बारीक पुरळ. अंमल अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो, म्हणून मधल्या सुट्टीनंतरचा तास महत्त्वाचा.

आणि हे प्रत्येक शिपायालाही सांगून ठेवा: हुंगताना मूल दिसलं तर ओरडू नका, मागे धावू नका. या वाफांनी हृदय भीतीत किंवा धावताना शरीरात उसळणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनला अतिसंवेदनशील झालेलं असतं. दचकून पळताना ठोके बिघडून पोर जागेवर दगावू शकतं, पहिल्याच वेळीसुद्धा. खिडक्या उघडा, रुमाल शांतपणे काढून घ्या, बसवा. गुंगी वाटली तर कुशीवर निजवा, एकटं सोडू नका, १०८ला फोन करा. चौकशी त्या दिवशी नाही.

दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं, एकटं, दार अर्धं उघडं, 'कोणाला सांगणार नाही' असा शब्द देऊन. आधी 'तुझ्या ग्रुपमध्ये कोण काय घेतं?', मग 'तू कधी?'. एकट्याने घेतो का, घेतलेलं असताना काय झालं ते आठवत नाही असं होतं का, मित्र किंवा घरचे 'कमी कर' म्हणतात का. दोन 'हो' आले की पुढे तज्ज्ञाकडे पाठवायचंच.

वर्गशिक्षिका, विदर्भ
सर, आमच्याकडे पहिला प्रश्न खर्ऱ्याचा. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटलेला. त्याला पट्टी नको, मुलाचीच तीन बोटं पुरतात: तर्जनी, मधलं, अनामिका उभी धरून पुढच्या दातांमधून आत जायला हवीत. दोनच गेली, किंवा डब्यातली तिखट भाजी तोंडात झोंबते म्हणून मूल नुसती पोळी खातं, तर दंतवैद्याकडे पाठवा. तोंड आखडायला लागलं की व्यसन सोडूनही ते पूर्ववत होत नाही.

समुपदेशक मॅडमशी एका बाबतीत जमत नाही. मुलाला 'कोणाला सांगणार नाही' असा शब्द शाळेने देऊ नये. 'आधी तुला विचारून, मग घरी सांगेन' एवढंच म्हणावं. बाप मारझोड करणारा असेल तर आईला किंवा मामाला बोलवावं, आणि जिवाला धोका वाटला तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन.

समुपदेशक
ताई, हे मान्य. पण घरच्यांना बोलावताना चिठ्ठी मुलाच्या हाती देऊ नका, आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा नंबर त्यांना लिहूनच द्या. बैठक संपताना पुढची तारीख ठरलेली हवी, नाहीतर विषय तिथेच विरतो.

मुख्याध्यापक
सरसकट तपासणी मागे घेतो. मात्र ठोस माहिती असेल त्या एका मुलाचं दप्तर दोन शिक्षकांसमोर, मुलगी असेल तर शिक्षिकेसमोर उघडणारच. शाळेतून काढणार नाही. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याने काढता येतही नाही. पण मुलाला माल देणारा टपरीवाला आणि मुलाकरवी विकून घेणारा यांना मोकळं सोडायचं नाही. बालन्याय कायद्याची कलमं ७७ आणि ७८: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तंबाखू विकायला बंदी असलेलं अंतर, शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर, टेपने मोजून पिवळी रेघ सोमवारी मारून घेतो. आतल्या टपऱ्यांची यादी फोटोंसकट पोलीस ठाण्यात आणि अन्न व औषध प्रशासनाकडे देऊन पोच घेणार.